चित्रपटातली बंदूक घरी घडविताना

गेल्या मे महिन्यात माझा नातू निपाणीहून आमच्याकडे बेळगावला आला. निमित्त शिवजयंतीच्या चित्ररथांचे होते. परंतु त्याच्या पिशवीत कपड्यांच्याही वर एक चित्र घडी करून ठेवलेले होते. ते माझ्यापुढे पसरून तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही इतकी वर्षे मिरवणुकीसाठी तलवारी केल्यात. हे करून द्याल का?"

चित्रात पांढऱ्या कवचातला, डोळ्यांच्या जागी काळ्या काचा असलेला एक सैनिक उभा होता आणि त्याच्या हातात काळे, आखूड, नळीला भोके असलेले एक शस्त्र होते. मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. मग मला हसू आवरेना. कारण ते शस्त्र मी पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वी, लाकडात, माझ्या स्वतःच्या हातांनी एकदा केलेले होते. आणि त्यापायी माझा जीव थोडक्यात वाचला होता. ती हकीकत मी ओघाने सांगेनच. प्रथम हे शस्त्र काय आहे ते सांगितले पाहिजे.

२५ मे १९७७ रोजी अमेरिकेत 'स्टार वॉर्स' नावाचा चित्रपट प्रदर्शित झाला. जॉर्ज लुकास हा त्याचा दिग्दर्शक. कथा दूरच्या तारामंडळातली. त्यातले सैनिक गोळ्या झाडीत नाहीत, प्रकाशाचे लोळ फेकतात. त्या शस्त्राला त्यांनी 'ब्लास्टर' असे नाव दिले. आता अशी न भूतो शस्त्रे दाखवावयाची म्हणजे ती कोणा मोठ्या कारखान्यात मुद्दाम ओतून घेतली असतील असे आपणांस वाटेल. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. चित्रीकरण लंडनजवळच्या एल्स्ट्री येथील स्टुडिओत झाले, हाताशी पैसा बेताचा होता, आणि साहित्य-सजावटीचे काम रॉजर ख्रिश्चन या तरुणाकडे होते. त्याने नवे काही घडविण्याऐवजी, चित्रपटांना शस्त्रे भाड्याने देणाऱ्या लंडनच्या एका जुन्या पेढीतून खऱ्या बंदुकाच आणल्या, आणि त्यांवर अडगळीतल्या वस्तू चिकटवून त्यांचे रूप पालटले. नायकाच्या मित्राचे पिस्तूल म्हणजे १८९६ सालच्या नमुन्याचे जर्मन माउझर. त्यावर एक दुर्बीण बसविली, झाले. कोठे पहिल्या महायुद्धातली लुईस गन, तर कोठे जर्मनांची एमजी ३४. आणि त्या पांढऱ्या सैनिकांच्या हातातले शस्त्र होते ब्रिटिश सैन्याची 'स्टर्लिंग' कार्बाइन. तिच्या भोकांवर दारे-कपाटांना लागतात तसल्या पट्ट्या चिकटविल्या, वर अमेरिकन रणगाड्यातली जुनी दुर्बीण चढविली, बाजूला कारखान्यातील यंत्रांवर असतो तसला आकडे फिरणारा एक गणक बसविला, आणि लांब वाकडे मॅगझीन काढून त्या जागी आखूडसा तुकडा ठेवला. या कामगिरीसाठी ख्रिश्चन व त्याचे सहकारी यांना १९७८ साली कलादिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. अडगळीला असा मान क्वचितच मिळतो.

बेळगावकरांना या स्टर्लिंगची ओळख करून देण्याचे वस्तुतः कारण नाही. जॉर्ज पॅचेट या संशोधकाने तिची रचना केली, १९५३ साली ब्रिटिश सैन्याने ती स्वीकारली, आणि पुढे आपल्या देशात कानपूरच्या कारखान्यात तीच बंदूक 'कार्बाइन १ ए' या नावाने तयार होऊ लागली. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. आमच्या पिढीच्या पोरांनी कॅम्पातून शाळेला जाता-येता जवानांच्या खांद्यावर ही कार्बाइन अनेकदा पाहिलेली. हॉलिवूडच्या तारामंडळातले ते अद्भुत शस्त्र आमच्या डोळ्यांना असे घरचेच होते. फक्त ते तसे आहे हे सांगणारे कोणी नव्हते.

आता माझी हकीकत. १९७२ सालच्या गणेशोत्सवात आमच्या गल्लीने बांगलादेशच्या विजयाचा देखावा करावयाचे ठरविले. आदल्या डिसेंबरात युद्ध संपले होते आणि त्या वर्षी जिकडेतिकडे तेच देखावे होते. मी तेव्हा सोळा वर्षांचा. कॅम्पात एका सुताराच्या दुकानात माझी ऊठबस असे. त्याच्याकडून फळांच्या पेट्यांच्या फळ्या मागून घेतल्या, आणि आठ दिवस खपून मी एक कार्बाइन केली. काळ्या रंगावर शिसपेन्सिलीची पूड घासून तिला अशी झळाळी आणली की सुतारमामा स्वतः दुकानाबाहेर नेऊन ती उन्हात फिरवून पाहू लागले. शेवटच्या दिवशी काम संपायला रात्रीचे अकरा वाजले. ती बगलेत मारून मी टिळकवाडीकडे निघालो. पावसाची भुरभुर होती, म्हणून जवळचा म्हणून जो रस्ता धरला तो लष्करी हद्दीला लागून जाणारा. आणि अंधारातून एकदम आवाज आला, "थम! कौन आता है?"

माझी वाचाच बसली. मी हात वर केले, आणि बगलेतली बंदूक खाली डांबरी रस्त्यावर पडली. श्रोतेहो, त्या रात्री मला कोणी वाचविले असेल तर त्या आवाजाने. लोखंड पडले की खणखणते. माझी बंदूक 'टपकन' वाजली आणि तिचे दोन तुकडे झाले. पहारेकऱ्याने विजेरीचा झोत टाकला, पाहिले, आणि कोणाला तरी हाक मारली. आतून एक वयस्क सुभेदार आले. बोलण्यावरून सातारकडचे असावेत. त्यांनी तुकडे उचलले, उलटेसुलटे करून पाहिले, मला एक सणसणीत दम भरला आणि मग अगदी निराळ्या सुरात म्हणाले, "काम झ्याक केलंस पोरा. पर मॅगझीन डाव्या अंगाला असतंय. तू उजव्या अंगाला लावलंस."

त्यांचे म्हणणे खरे होते. मी एका छापील चित्रावरून नक्कल केली होती आणि ते चित्र उलटे छापलेले होते. रोज डोळ्यांसमोरून जाणारी वस्तू मी कधी नीट पाहिलीच नव्हती.

म्हणून नातवाने ते चित्र पुढे ठेवताच मी पहिला प्रश्न विचारला तो हा: "ही बंदूक कोण पाहणार, आणि किती अंतरावरून?" त्याला तो प्रश्न विचित्र वाटला. परंतु या साऱ्या विद्येचे मूळ या एका प्रश्नात आहे.

आमच्या चित्ररथांवरच्या तलवारी घ्या. त्या पाहणारा माणूस गर्दीत, वीस-पंचवीस फुटांवर उभा असे, आणि प्रकाश पेट्रोमॅक्सचा. अशा वेळी पाते साध्या फळीचे चालते. मूठ कागदाच्या लगद्याची चालते. रद्दी दोन दिवस भिजत घालावी, कुटावी, पिठाच्या खळीत मळावी आणि साच्यावर थापावी. खळीला कसर लागू नये म्हणून जुने बुकबाइंडर तीत चिमूटभर मोरचूद घालीत. तो विषारी असतो, म्हणून पोरांच्या हाती तो डबा देऊ नये. मूठ वाळली की तिच्यावर बेगड चढवावयाची. बेगड म्हणजे चमकणारा धातूचा पातळ पत्रा, केवळ कागदासारखा. पेट्रोमॅक्सच्या हलत्या उजेडात बेगड अशी काही लखलखे की खरे पोलाद तिच्यापुढे मळकट वाटावे. आज आपण एखाद्याला 'बेगडी' म्हणतो ते त्याचा खोटेपणा दाखविण्यासाठी. तथापि ज्यांनी बेगड हाताळली आहे त्यांना हा शब्द थोडा अन्यायाचाच वाटतो. पुढे मिरवणुकीत विजेचे प्रखर दिवे आले आणि त्या स्थिर, पांढऱ्या उजेडात बेगड उघडी पडली. सुरकुत्या दिसू लागल्या. मग आम्हाला ॲल्युमिनियमच्या पत्र्याकडे वळावे लागले. दिवे बदलले की साहित्य बदलते, ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तकाने शिकविली नाही.

रंगभूमीवरही हेच. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी नाटकांचा पाया घातला, त्यानंतरच्या पौराणिक नाटकांत राक्षस आरडाओरडा करीत, तलवारी फिरवीत प्रवेश करीत. लोक त्यांना 'अललडुर्र' नाटके म्हणत. मशालीच्या उजेडात त्या तलवारी लाकडाच्या आहेत की कशाच्या, हे विचारण्याइतके भान कोणाला असणार! कॅमेरा मात्र निर्दय असतो. आमच्या शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी हे सर्वांआधी ओळखले. नाटकांचे पडदे रंगविणारा हा कलावंत. मोडक्यातोडक्या यंत्रांवरून धडे घेत, दामल्यांच्या साहाय्याने १९१८ साली त्यांनी स्वतःचा कॅमेरा तयार केला. पडद्यावर रंगविलेला खांब नाटकात खपतो, चित्रपटात खपत नाही, हे ध्यानी घेऊन त्यांनी रंगीत पडदे दूर सारले आणि घनाकार देखावे उभे केले. १९२० सालच्या त्यांच्या 'सैरंध्री'तला कीचकवध इतका खरा उतरला की तो प्रसंग कापावा लागला. बंदुकीच्या बाबतीत याचा अर्थ असा, की भोक हे काळ्या रंगाचा ठिपका देऊन भागत नाही. भोक भोकच असावे लागते. आजही चित्रपटांत एकाच शस्त्राच्या दोन-तीन प्रती करतात. जवळून दाखवावयाची एक, बारीकसारीक तपशिलांनी भरलेली. आणि पळापळीत, पडापडीत वापरावयाची दुसरी, रबराची किंवा फोमची, हलकी.

नातवाने उत्तर दिले, "मित्र हातात घेऊन पाहतील." म्हणजे सर्वांत कठीण परीक्षा. बरे, तर मग मापे.

खरी वस्तू समोर नसताना मापे कशी काढावीत? यासाठी एक तरी खरे माप ठाऊक असावे लागते. स्टर्लिंगचा दस्ता दुमडलेला असताना तिची लांबी ४८२ मिलिमीटर भरते. नळीवरच्या वेष्टणाचा व्यास सुमारे ३८ मिलिमीटर. आता अगदी बाजूने आणि जरा दुरून काढलेले छायाचित्र घ्यावे. जवळून काढलेल्या चित्रात पुढचा भाग फुगतो आणि सारे गणित चुकते. त्या चित्रात बंदुकीची लांबी समजा २४१ मिलिमीटर आली, तर प्रमाण एकास दोन. मग चित्रातले प्रत्येक माप दुप्पट केले की खरे माप हाती येते. या मापांनी तपकिरी कागदावर पूर्ण आकाराचे रेखाचित्र काढावे. माझ्या नातवाला हे काम कंटाळवाणे वाटले, आणि मला ते आवडते, म्हणून ते मीच केले. पण चित्र सरळ आहे की उलटे छापले आहे, हे मात्र मी त्याच्याकडून तीनदा तपासून घेतले.

मुख्य अंगासाठी पाइप. येथे एक गंमत आहे. आपल्याकडचे शेतीचे पी.व्ही.सी. पाइप बाहेरच्या व्यासावरून ओळखले जातात: ३२, ४०, ५०, ६३ असे. ३८ चा पाइप बाजारात नाही. ४० चा कोणत्याही शेतकऱ्याच्या बांधावर तुकड्याने पडलेला असतो. नातू हिरमुसला, त्याला दोन मिलिमीटरचा फरक सलू लागला. मी त्याला म्हटले, मग सगळीच बंदूक त्या प्रमाणात मोठी करू. प्रत्येक मापाला ४० ने गुणावे आणि ३८ ने भागावे. ४८२ ची लांबी ५०७ होते. डोळा प्रमाणाला बांधलेला असतो, आकाराला नव्हे. सगळेच पाच टक्क्यांनी वाढले तर कोणाच्या बापाला कळावयाचे नाही. एकच भाग वाढला तर पोरगेही बोट ठेवते.

नळीवरची भोके हा या कामातला सर्वांत किचकट भाग, आणि खरे सांगायचे तर सर्वांत रमणीयही. गोल पाइपवर सरळ रांगेत भोके पाडावयाची कशी? उत्तर शाळेच्या भूमितीत आहे. ४० मिलिमीटर व्यासाच्या पाइपचा परिघ जवळजवळ १२६ मिलिमीटर. तेवढ्या रुंदीचा कागद घ्यावा, त्यावर उभ्या रेषा आखाव्यात. सहा रांगा धरल्या तर दोन रांगांतले अंतर २१ मिलिमीटर. रांगेवर भोकांची केंद्रे मांडावीत, तो कागद पाइपभोवती गुंडाळावा आणि टोकाला टोक बरोबर मिळाले की खळीने चिकटवावा. टोके मिळाली नाहीत तर गणित चुकले असे समजावे आणि पुन्हा बसावे. यानंतर पाइपच्या आत बसेल असा लाकडी दांडा घालावा, म्हणजे पाइप दबत नाही. प्रथम बारीक गिरमिटाने केंद्र पाडावे, मग मोठ्या पात्याने भोक मोठे करावे, शेवटी गोल कानशीने कडा साफ कराव्यात. घाई केली की पी.व्ही.सी. तापते, वितळते आणि भोकाची कड दाढी न केलेल्या हनुवटीसारखी दिसते. त्या तापल्या प्लॅस्टिकचा धूरही छातीला बाधक असतो. म्हणून काम उघड्या गच्चीवर, नाकाला फडके बांधून आणि मधूनमधून हात थांबवून करावे. नातवाने पहिल्या पाइपची वाट लावली. दुसऱ्याची अर्धी. तिसरा साधला. एका पाइपच्या तुकड्याची किंमत ती काय! पण त्या दोन फुकट गेलेल्या तुकड्यांनी त्याच्या हाताला जे शिकविले ते मला शब्दांत सांगता आले नसते.

मूठ लाकडाचीच हवी. कारण मूठ हा एकच भाग असा आहे की जो डोळ्याने नव्हे, हाताने पाहिला जातो. प्लायवुडचे दोन तुकडे फेव्हिकॉलने जोडून रात्रभर दाबून ठेवावेत, करवतीने ढोबळ आकार कापावा, मग पटाशी, कानस आणि शेवटी काचकागद. गोकाकचे कारागीर हलक्या लाकडाची फळे करून ती इतकी हुबेहूब रंगवितात की पाहुण्याने एखादे उचलून चावावे. त्यांचेही तंत्र हेच, आधी आकार, मग गुळगुळीतपणा आणि रंग सर्वांत शेवटी. आपली मंडळी नेमकी याच्या उलट करतात. आकार ओबडधोबड सोडतात आणि रंगाचे तीन हात देतात. रंगाने दोष झाकत नाहीत. चकचकीत रंगाने तर ते उजळून निघतात.

बाकीचे अवयव अडगळीतून. वरच्या दुर्बिणीसाठी एक जुनी विजेरी निघाली. तिचा पत्रा दोन ठिकाणी चेपला होता, तो चेपच शोभून दिसला. गणकाच्या जागी आगपेटीएवढी एक खोकी, तिला काचेच्या ऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी आणि आत कागदावर लिहिलेले आकडे. मॅगझीन पुठ्ठ्याचे, पुठ्ठा पातळ सरसात भिजवून वाळविला की लाकडासारखा टणक होतो. ते डाव्या अंगाला बसविताना मी मुद्दाम जवळ उभा राहिलो. नळीवरच्या पट्ट्यांना खिडकीच्या काचेभोवती लावतात ती काळी रबरी पट्टी चालली. सांधे एम-सीलने बुजविले. अशा बारीकसारीक चिकटवलेल्या वस्तूंना त्या धंद्यातले लोक 'ग्रीबली' म्हणतात. त्यांना काही काम नसते. परंतु त्या पाहिल्या की माणसाला वाटते, या यंत्राला काही काम आहे. मात्र त्या कोठेही डकवून चालत नाही. 'ही नळी कोठून येते, हा खिळा कशाला धरतो' याचे एखादे खोटे का होईना उत्तर आपल्यापाशी असावे.

आता रंग. पी.व्ही.सी. गुळगुळीत असते, त्यावर रंग धरत नाही आणि नखाने साल निघावी तसा सुटतो. म्हणून सारे अंग काचकागदाने खरबरीत करावे, अस्तराचा हात द्यावा आणि मग निस्तेज काळा रंग. तो दोन दिवस वाळू द्यावा. यानंतर माझी जुनी युक्ती: मऊ शिसपेन्सिलीचे शिसे घासून त्याची पूड करावी आणि ती सुती फडक्याने काळ्या रंगावर चोळावी. पाहता पाहता रंगाचे लोखंड होते. पूड सगळीकडे सारखी चोळू नये. जेथे हात लागतो, जेथे वस्तू खोगिराला, भिंतीला, पट्ट्याला घासते, तेथे धातू उजळतो; खोबणीत मळ साचतो. म्हणून कडांना पूड, कोपऱ्यांना काजळी. ब्रश जवळजवळ कोरडा करून रुपेरी रंग कडांवरून अलगद फिरविला की वर्षानुवर्षांचा वापर दिसू लागतो. 'स्टार वॉर्स' पूर्वीच्या बहुतेक आकाशयात्रेच्या चित्रपटांत सारे काही नवे कोरे, चकचकीत असे. या चित्रपटाने प्रेक्षकांना वापरलेले, मळलेले, ठोकून ठोकून दुरुस्त केलेले तारामंडळ दाखविले. आणि म्हणून ते खरे वाटले. आपल्या घरातला जुना खलबत्ता आणि दुकानातला नवा खलबत्ता शेजारी ठेवून पाहा म्हणजे मी काय म्हणतो ते ध्यानी येईल.

बंदूक पुरी झाली. गच्चीवर उन्हात ठेवली तेव्हा खाली रस्त्यावरून जाणाऱ्या दूधवाल्याने सायकल थांबवून वर पाहिले. नातू आनंदाने नाचू लागला आणि नेमक्या त्या क्षणी माझ्या पोटात गोळा उठला. मला १९७२ सालची ती भुरभुर आठवली.

मी घरात गेलो, भडक नारिंगी रंगाची डबी आणली आणि म्हटले, "आता नळीच्या टोकाला हा रंग दे." त्याचा चेहरा पडला. सगळी शोभा जाईल, म्हणाला. खरोखरच जाते. महिनाभराच्या मेहनतीवर आपल्या हाताने बोळा फिरविण्यासारखे ते आहे. पण अमेरिकेने १९८८ साली कायदाच केला की खेळण्यातल्या आणि नकली बंदुकांच्या टोकाला नारिंगी खूण असली पाहिजे. आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याच देशातील क्लीव्हलँड शहरात एका बारा वर्षांच्या मुलाच्या हातात अशीच नकली बंदूक होती. तिचे नारिंगी टोक निघून गेलेले होते. पोलिसांची गाडी येऊन थांबली आणि अवघ्या दोन-तीन सेकंदांत त्या मुलाला गोळी लागली. बारा वर्षांचा मुलगा! माझ्या नातवाहून दोन वर्षांनी लहान. हे मी त्याला सांगितले. तो काही बोलला नाही.

मग मी त्याला आपल्या भागातल्या गोष्टी सांगितल्या. आम्ही सीमेवरची माणसे. वर्षातले काही दिवस असे येतात की बेळगाव-निपाणीच्या चौकाचौकांत पोलिसांचा बंदोबस्त असतो आणि दोन्ही बाजूंची मने तापलेली असतात. अशा दिवशी काळ्या पिशवीतून डोकावणारी काळी नळी पाहणाऱ्याने काय समजावे? तो शिपाईही कोणाचा तरी मुलगा. त्यालाही क्षणात ठरवावे लागते. विमानतळावर तर खेळण्यातली बंदूकसुद्धा हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत, मग सांबऱ्याहून जा नाहीतर मुंबईहून. चित्ररथावरच्या मावळ्याच्या हातातली तलवार लाकडी आहे हे सारे गाव जाणते, कारण भोवती मिरवणूक असते, लेझीम असते, पोशाख असतो. रस्त्याने एकट्या जाणाऱ्या मुलाभोवती यांतले काहीच नसते. नकल जितकी अस्सल, तितका तिला आडोसा हवा.

त्याने अर्धा तास विचार केला. त्या अर्ध्या तासात मी त्याला एक शब्दही बोललो नाही, आणि सौ. ला स्वयंपाकघरातून बाहेर येऊ दिले नाही. शेवटी तो उठला आणि टोकाला दोन इंच नारिंगी रंग दिला. वर पुन्हा, मी न सांगता, दस्त्यावर एक नारिंगी पट्टा ओढला. म्हणाला, "तारामंडळातही पलटणी असतीलच की, आजोबा. ही या पलटणीची खूण." मला आश्चर्य वाटले, कारण त्या दोन खुणांनी बंदूक बिघडण्याऐवजी जरा अधिकच विश्वसनीय दिसू लागली. पुढे ती निपाणीला गेली ती खोक्यात घालून, वर सुतळी बांधून, एस.टी.च्या टपावर नव्हे तर त्याच्या मांडीवर. तिचे स्थान आता त्याच्या अभ्यासाच्या खोलीतल्या भिंतीवर आहे. घराबाहेर ती जात नाही, हा आमच्यातला करार आहे.

हा छंद एका बंदुकीवर थांबत नाही, हे पालकांनी आधीच ध्यानात घ्यावे. त्याच चित्रपटात प्रकाशाच्या पात्याची एक तलवार आहे. नायकाच्या त्या तलवारीची मूठ म्हणजे जुन्या वृत्तपत्र-छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्याला लागणाऱ्या ग्राफ्लेक्स फ्लॅशगनचा दांडा. रॉजर ख्रिश्चनला तो लंडनमधल्या छायाचित्रणाच्या साहित्याच्या दुकानात सापडला. जगभरच्या हौशी लोकांनी पुढे असे दांडे शोधशोधून विकत घेतले आणि त्यांच्या किमती भलत्याच चढल्या. म्हाताऱ्या गुरूच्या तलवारीची मूठ याहून चमत्कारिक: तीत जेट इंजिनातली एक नळी आहे, पहिल्या महायुद्धातल्या ग्रेनेडचा एक भाग आहे, आणि नळाची चावीही आहे.

नातवाचा दिवाळीआधीच फोन आला. मी बेळगावातल्या एका जुन्या छायाचित्रकाराकडे फ्लॅशगनची चौकशी केली. त्यांच्याकडे एक होती, परंतु ती हातातून सोडण्यास ते तयार होईनात, आणि मलाही आग्रह करवेना. घरी आलो तो परसातल्या न्हाणीघराकडे लक्ष गेले. तेथला पितळी नळ गेली कित्येक वर्षे बंद आहे. पान्हा लावून त्याची चावी काढली, चिंचेने घासली, कागदात गुंडाळली आणि निपाणीला जाणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर पाठवून दिली.